निवड पोरांची की आईबापाच्या खिशाची? शिकागोचे बेसबॉल आणि मेरिटचा बनाव

११ फेब्रुवारी २०१५. अमेरिकेतील शिकागो शहराच्या दक्षिण भागात राहणाऱ्या काही शाळकरी मुलांना त्या दिवशी कळले की सहा महिन्यांपूर्वी मैदानावर घाम गाळून जिंकलेले राष्ट्रीय विजेतेपद आता त्यांचे राहिलेले नाही. मुले अकरा ते तेरा वर्षांची. सगळी कृष्णवर्णीय. त्यांनी वय चोरले नव्हते, पंच विकत घेतले नव्हते. त्यांच्यापैकी काहींची घरे एका नकाशावरच्या रेषेच्या पलीकडे होती, एवढाच त्यांचा गुन्हा.

त्याच शहरात, त्याच उन्हाळ्यात, शेकडो मुले रेषा ओलांडून, उपनगरे ओलांडून, राज्ये ओलांडून बेसबॉल खेळत होती. त्यांना कोणी अडवले नाही. कारण त्यांच्या आईबापांनी पैसे मोजले होते. त्या व्यवस्थेला तिकडे 'सिलेक्ट' म्हणतात. सिलेक्ट म्हणजे निवडक.

'निवडक' हा शब्द ऐकला की आमचे कान टवकारतात. तुमचेही टवकारले पाहिजेत. कोण निवडतो, कशावरून निवडतो आणि निवडीच्या रांगेपर्यंत पोहोचू कोणाला दिले जाते, हे तीन प्रश्न आपल्या चळवळीने या देशात पिढ्यानपिढ्या विचारले आहेत. आज तेच प्रश्न आम्ही शिकागोच्या मैदानावर नेऊन विचारणार आहोत. बेसबॉल आपल्या ओळखीचा खेळ नसेल, पण त्याच्याभोवती उभी राहिलेली मेरिटची भिंत आपल्या चांगलीच ओळखीची आहे.

एक शहर, तीन वाटा

शिकागो महानगरात एखाद्या मुलाला बेसबॉल खेळायचे असेल तर ढोबळमानाने तीन वाटा आहेत.

पहिली वाट वस्तीतल्या लीगची. १९३९ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या विल्यम्सपोर्ट गावी 'लिटल लीग' सुरू झाली. तिची कल्पना साधी होती. मूल जिथे राहते किंवा शाळेत जाते, तिथल्या लीगमध्ये त्याने खेळायचे. प्रशिक्षक म्हणजे कोणाचे तरी वडील, कोणाची तरी आई, कोणाचा तरी काका. फी थोडी, मैदान सार्वजनिक. नाव नोंदवलेल्या प्रत्येकाला खेळायला मिळते.

दुसरी वाट सिलेक्ट किंवा 'ट्रॅव्हल' संघाची. हे खासगी क्लब असतात. ते चाचणी घेतात, मुले निवडतात आणि मग वर्षभराची फी घेतात. शिकागोचा हिवाळा बर्फाचा असतो, त्यामुळे यांचा सराव छताखालच्या बंदिस्त हॉलमध्ये चालतो, पगारी प्रशिक्षकांच्या हाताखाली. वस्तीतल्या मुलाच्या मैदानावरचा बर्फ वितळेपर्यंत सिलेक्टच्या मुलाने हजारो चेंडू मारलेले असतात. उन्हाळ्यात दर शनिवार-रविवारी स्पर्धा. कधी शेजारच्या राज्यात, कधी थेट दक्षिणेत. गाडी स्वतःची, पेट्रोल स्वतःचे, हॉटेल स्वतःच्या खर्चाने. काही स्पर्धांमध्ये तर आयोजकांनी ठरवलेल्या हॉटेलातच उतरण्याची सक्ती असते, नाहीतर संघाला प्रवेश नाही. चांगल्या बॅटला तीनशे-चारशे डॉलर. सगळा हिशेब केला तर एका मोसमाचा खर्च काही हजार डॉलरांवर सहज जातो. शुक्रवारी कामावरून लवकर निघणे ज्या बापाला परवडत नाही, दोन नोकऱ्या करणाऱ्या ज्या आईला रविवारची सुट्टी नाही, त्यांच्या मुलाची निवड चाचणीच्या आधीच झालेली असते. नापास म्हणून.

तिसरी वाट अरुंद आहे, पण ती आहे. शिकागो व्हाइट सॉक्स या व्यावसायिक संघाने २००७ मध्ये 'एस' नावाचा उपक्रम सुरू केला. शहराच्या गरीब भागांतल्या मुलांना सिलेक्टच्याच दर्जाचे प्रशिक्षण, स्पर्धा, प्रवास, सगळे मोफत. या वाटेने काय झाले ते पुढे सांगतो.

आता या तीन वाटांची तुलना करताना लोक कोणते प्रश्न विचारतात? कोणाचा प्रशिक्षक चांगला? कोणाच्या संघातून जास्त मुले कॉलेजात गेली? कोण जास्त स्पर्धा खेळतो? पालकांच्या दृष्टीने हे प्रश्न बरोबरच आहेत. पण हे ग्राहकाचे प्रश्न झाले. नागरिकाचा प्रश्न वेगळा आहे. दुसऱ्या वाटेने पहिल्या वाटेचे काय केले?

उत्तर सरळ आहे. तिने पहिली वाट उजाड केली. पैसे असलेली मुले वस्तीच्या लीगमधून निघाली की एकटी निघत नाहीत. त्यांच्यासोबत प्रशिक्षण देणारे आईबाप जातात, वर्गणी जाते, मैदानाची निगा राखण्याचा आग्रह जातो. मागे राहतात ती ज्यांना जाणे परवडत नाही ती मुले. मग कॉलेजचे प्रशिक्षक आणि व्यावसायिक संघांचे पारखी साहजिकच सिलेक्टच्या स्पर्धांना जातात, कारण 'तिथेच चांगले खेळाडू असतात'. चांगले खेळाडू तिथेच असतात, कारण पारखी तिथेच जातात. हे चक्र एकदा फिरू लागले की त्याला कोणाचा द्वेष लागत नाही. पैसा पुरतो.

रेषा कोणासाठी?

आता त्या मुलांकडे परत येऊ. त्यांच्या लीगचे नाव 'जॅकी रॉबिन्सन वेस्ट'. शिकागोच्या दक्षिण भागात १९७१ पासून चालणारी वस्तीची लीग. २०१४ च्या ऑगस्टमध्ये या पोरांनी लास वेगासच्या संघाला हरवून अमेरिकेचे विजेतेपद मिळवले. जागतिक अंतिम सामन्यात ते दक्षिण कोरियाच्या सोलकडून हरले, तरी शहराने त्यांची मिरवणूक काढली. राष्ट्राध्यक्ष ओबामांनी त्यांना व्हाइट हाऊसमध्ये बोलावले. ज्या दक्षिण शिकागोचे नाव बातम्यांत फक्त गोळीबारासाठी येते, तिथे त्या वर्षी पोरांचे नाव आले.

याच संघाने वाटेत शेजारच्या एव्हरग्रीन पार्क या उपनगराच्या संघाला ४३–२ असे लोळवले होते. तक्रार तिथल्याच एका पदाधिकाऱ्याने केली. चौकशी झाली. लीगच्या प्रौढ पदाधिकाऱ्यांनी हद्दीचा नकाशा खोटा केला आणि हद्दीबाहेरची मुले खेळवली, असा निष्कर्ष निघाला. विजेतेपद काढून घेतले आणि लास वेगासला दिले.

आम्ही इथे लपवाछपवी करत नाही. मोठ्या माणसांनी नियम मोडला. संघाच्या व्यवस्थापकाला निलंबित केले, त्याला आमची हरकत नाही. आपल्या माणसाने खोटे केले तर ते खोटेच. पण शिक्षा कोणाला झाली? बारा वर्षांच्या पोरांना. ज्यांनी नकाशा काढला नव्हता, पाहिलाही नव्हता.

आणि नकाशाच काढायचा असेल तर पुरता काढा! शिकागोतल्या रेषा कोणी आखल्या? १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज यंत्रणेने शहरांचे नकाशे रंगवले आणि काळ्यांच्या वस्त्या लाल केल्या. लाल म्हणजे इथे कर्ज देणे धोक्याचे. घरांच्या खरेदीखतांत लिहिलेले असे की ही जागा काळ्या माणसाला विकायची नाही. अशा अटी न्यायालयातून अंमलात आणता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये सांगितले. १९६६ मध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग याच शहरात घरांच्या प्रश्नावर मोर्चा घेऊन मार्केट पार्कमध्ये गेले, तेव्हा जमावाने मारलेला दगड त्यांच्या डोक्याला लागला. ज्या शहराने काळ्या माणसाला कुठे राहायचे आणि कुठे नाही हे रेषा मारून ठरवले, त्याच शहरात काळ्या पोरांच्या घराचा पत्ता तपासून त्यांचा चषक परत घेतला जातो. घर बदलून उपनगरात गेलेले कुटुंब जुन्या वस्तीशी, नात्यागोत्याशी बांधलेले राहते, हे आपल्या माणसांना समजावून सांगावे लागत नाही. गाव सोडले तरी जयंतीला माणूस आपल्या वाड्यात येतोच.

सिलेक्ट क्लब हद्दीबाहेरची मुले घेतो तेव्हा त्याला 'संघबांधणी' म्हणतात. वस्तीची लीग घेते तेव्हा ती फसवणूक ठरते. रेषा गरिबासाठी, रस्ता श्रीमंतासाठी!

साठ वर्षांपूर्वीचा तोच डाव

हे पहिल्यांदा घडले असे समजू नका. १९५५ साल. साउथ कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्सटनमध्ये 'कॅनन स्ट्रीट वायएमसीए' हा काळ्या मुलांचा संघ लिटल लीगच्या स्पर्धेत उतरला. शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरून जेमतेम वर्ष झाले होते. गोऱ्या संघांनी काय केले? काळ्या पोरांसोबत खेळण्यापेक्षा त्यांनी स्पर्धाच सोडली. प्रतिस्पर्धीच उरला नाही, म्हणून कॅनन स्ट्रीटची पोरे न खेळता विजेती ठरली. मग नियमपुस्तक बाहेर आले. प्रत्यक्ष सामना जिंकल्याशिवाय पुढच्या फेरीत जाता येत नाही! आधी त्यांच्याशी कोणी खेळायचे नाही, आणि मग तुम्ही खेळला नाहीत म्हणून बाद. त्या पोरांना विल्यम्सपोर्टला पाहुणे म्हणून बोलावले गेले आणि प्रेक्षकांत बसवले गेले. स्टँडमधल्या लोकांनी त्यांना खेळू द्या म्हणून आवाज दिला, पण नियम तो नियम.

पुढे काय झाले ते जास्त महत्त्वाचे आहे. बाहेर पडलेल्या गोऱ्यांनी आपली वेगळी लीग काढली. तीच पुढे 'डिक्सी यूथ बेसबॉल' झाली. दार उघडण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी घरच दुसरीकडे बांधले.

खेळच कशाला, पाणी घ्या. सार्वजनिक उद्याने आणि पोहण्याचे तलाव सर्वांना खुले करा, असे न्यायालयाने सांगितल्यावर अलाबामाच्या माँटगोमेरी शहराने १९५९ मध्ये आपली सगळी सार्वजनिक उद्याने बंद केली. पोहण्याचा तलाव बुजवला. काळ्यांसोबत पोहण्यापेक्षा कोणीच पोहायचे नाही! ज्यांच्याकडे पैसे होते ते खासगी क्लबांच्या तलावांत गेले.

महाडच्या लेकरांना हे वाचून काय वाटेल? मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये बोले ठराव करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचे जाहीर केले. कागदावर तळे खुले, आणि काठावर लाठ्या. म्हणून १९२७ मध्ये बाबासाहेबांना चालत जाऊन पाणी प्यावे लागले. आजचा काळ लाठ्यांचा कमी आणि पावत्यांचा जास्त आहे. आज तळे खरोखरच खुले ठेवतात, फक्त पाणी दुसऱ्या विहिरीत नेतात, आणि त्या विहिरीवर फी लावतात.

सिलेक्ट बेसबॉल ही ती दुसरी विहीर आहे.

आकडे काय बोलतात?

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. त्या वेळी अमेरिकेच्या मोठ्या बेसबॉल लीगमध्ये एकही काळा खेळाडू नव्हता. तसा लेखी कायदा नव्हता, मालकांचे आपसांत ठरलेले होते. काळ्यांनी रडत न बसता १९२० मध्ये स्वतःची लीग उभारली. ती उभारणारा रूब फॉस्टर याच शिकागोतल्या संघाचा होता. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि ती भिंत फुटली. १९८१ पर्यंत मोठ्या लीगमधले कृष्णवर्णीय अमेरिकन खेळाडूंचे प्रमाण १८.७ टक्क्यांवर गेले.

आणि २०२४ च्या मोसमाच्या सुरुवातीला? ६ टक्के. २०२२ च्या जागतिक मालिकेत खेळणाऱ्या दोन्ही संघांत मिळून अमेरिकेत जन्मलेला एकही काळा खेळाडू नव्हता. असे १९५० नंतर पहिल्यांदाच घडले. कोणताही कायदा बदलला नाही, दारावर पाटी लागली नाही, तरी दार मिटत गेले.

दर वर्षी आपली भीमजयंती झाली की दुसऱ्याच दिवशी तिकडे 'जॅकी रॉबिन्सन दिन' असतो. त्या दिवशी मोठ्या लीगमधला प्रत्येक खेळाडू त्याचा ४२ क्रमांक पाठीवर घालतो. मैदानभर ४२, आणि ४२ घालणाऱ्यांत जॅकीची लेकरे शंभरात सहा. पुतळ्याला हार आणि वस्तीला कुलूप, हा प्रकार आपल्याला नवा आहे का?

त्यांचे युक्तिवाद, आमची उत्तरे

'काळ्या पोरांना बास्केटबॉल आणि फुटबॉलच आवडतो.' आवड आभाळातून पडत नाही. २०२५ पर्यंतचा हिशेब पाहा. अमेरिकन कॉलेज खेळांच्या सर्वोच्च विभागात फुटबॉल संघाला ८५ पूर्ण शिष्यवृत्त्या, पुरुषांच्या बास्केटबॉल संघाला १३. बेसबॉलला ११.७, आणि त्या अनेक खेळाडूंत वाटायच्या. म्हणजे फुटबॉलमध्ये निवड झाली तर शिक्षण फुकट, बेसबॉलमध्ये झाली तर उरलेली फी बापाने भरायची. गरीब घरातले पोर कुठे जाईल? याला आवड म्हणायचे की हिशेब?

'खरी गुणवत्ता असेल तर ती कुठूनही वर येतेच.' हे वाक्य आपण राखीव जागांच्या प्रत्येक वादात ऐकतो. अँड्र्यू मॅककचन हा २०१३ चा नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू. शिकागोच्या पोरांचे विजेतेपद गेले, त्याच महिन्यात त्याने एक लेख लिहिला. फ्लोरिडातल्या एका छोट्या गावातले त्याचे घर गरीब होते. एका प्रशिक्षकाने त्याला आपल्या संघात घेऊन खर्चाचा भार उचलला नसता, तर तो कोणाच्या नजरेस पडला नसता, हे त्याने स्वतः सांगितले. सर्वोत्तम खेळाडूची गुणवत्तासुद्धा कोणाच्या तरी उपकारावर अडलेली होती. ज्यांना असा माणूस भेटला नाही, त्यांची नावे आपल्याला कधीच कळणार नाहीत.

'गरिबांसाठी मोफत योजना आहेत ना!' आहेत. 'एस'मधून दक्षिण शिकागोचा कोरी रे निघाला, जो २०१६ मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत पाचव्या क्रमांकावर घेतला गेला. एड हॉवर्ड निघाला, जो २०२० मध्ये सोळाव्या क्रमांकावर शिकागो कब्जने घेतला. हा एड हॉवर्ड कोण? ज्यांचे विजेतेपद हिसकावले, त्या जॅकी रॉबिन्सन वेस्टच्या संघातलाच पोरगा! गुणवत्ता वस्तीत होतीच, कमी होती ती फी. या योजनेचे श्रेय आम्ही देतो. पण ती एका धनाढ्य संघाच्या मर्जीवर चालते आणि मोजक्याच मुलांना घेते. दान देणारा हात आखडला की दान संपते. हक्क तसा संपत नाही.

शर्यत कुठून सुरू होते?

१९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी या साऱ्या मेरिटच्या गप्पांचे मूळच दाखवून दिले आहे. माणसामाणसांत फरक पडतो तो तीन गोष्टींनी: जन्मजात शरीर, समाजाकडून आणि घरातून मिळालेला वारसा, आणि स्वतःचे कष्ट. कष्टाप्रमाणे फळ द्यायला त्यांची हरकत नव्हती. पण पहिल्या दोन गोष्टींत जे आधीच पुढे आहेत त्यांनाच निवडायचे ठरवले, तर ती योग्यतेची निवड नसून सोयीस्कर स्थितीत जन्मलेल्यांची निवड ठरते, हा त्यांचा मुद्दा होता. समाजाला आपल्या सगळ्या माणसांकडून जास्तीत जास्त हवे असेल, तर शर्यतीच्या सुरुवातीलाच शक्य तितकी समानता आणली पाहिजे.

सिलेक्टची चाचणी दहा वर्षांच्या पोराच्या हातातली ताकद मोजते असे वाटते. प्रत्यक्षात ती मोजते बंद हॉलमधले तीन हिवाळे, महागडी बॅट आणि मोकळा शनिवार असलेला बाप. आधी गुणवत्ता विकत घ्यायची, मग ती मोजायची, आणि मग ज्यांना ती विकत घेता आली नाही त्यांना नालायक ठरवायचे. हाच मेरिटचा बनाव.

मग आपण काय करायचे?

शिकागो दूर आहे, पण उन्हाळा आपल्याकडेही येतो. एप्रिल-मे मध्ये मुंबई-पुण्यात क्रिकेटच्या उन्हाळी शिबिरांचे फलक लागतात. पुण्यात इंग्रजांच्या क्लबात खेळपट्टीची कामे करणाऱ्या पालवणकर बाळूंना साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी करायला मिळाली, म्हणून त्यांचा हात जगाला दिसला. बाहेर चहा वेगळ्या भांड्यात, पण चेंडू त्याच नेटमध्ये. आज मैदानावर पाणी मारणाऱ्या माणसाच्या पोराला त्याच मैदानावरच्या अकादमीच्या नेटमध्ये चेंडू टाकायला मिळतो का, हे आपल्या गावात जाऊन पाहा.

मित्रांनो, फक्त संताप व्यक्त करून थांबू नका. आपल्या शहरातली महापालिकेची किती मैदाने खासगी अकादम्यांना भाड्याने दिली आहेत, किती वर्षांसाठी, किती रुपयांत, आणि वस्तीतल्या मुलांसाठी त्यात किती तास राखलेले आहेत, हे माहिती अधिकारात विचारा. निवड चाचणीची सूचना कुठे लागते, फॉर्मची फी किती, किट कोणाचे, हे लिहून काढा. नगरसेवकाला त्याचा जाब विचारा. जयंतीच्या डीजेचा एका रात्रीचा खर्च आणि वस्तीतल्या पोरांच्या एका संघाचे किट, दोन्हींचा हिशेब एका कागदावर मांडा आणि तो मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवा. शिकागोच्या काळ्या माणसांनी ती लीग कोणाच्या कृपेची वाट न पाहता उभी केली होती. आपल्यालाही उभी करता येईल. पण उभी करताना सार्वजनिक मैदानावरचा दावा सोडायचा नाही. ते मैदान आपल्या करातून आलेले आहे.

त्या पोरांचा चषक नेला, पण त्यांनी मारलेले फटके कोणाला परत घेता आले नाहीत. यापुढे कोणी 'आमच्याकडे फक्त गुणवत्तेवर निवड होते' असे सांगितले, तर त्याला एवढेच विचारा: चाचणीला कोण कोण येऊ शकले होते?

जय भीम!